टाचेला धरून आलेला

जालना शहराजवळ बेथेल नावाचं एक गाव आहे. आजूबाजूच्या गावांच्या नावांना वाडी, पिंपळगाव, टाकळी, राजा, सावंगी असं काहीतरी ओळखीचं लागलेलं असतं, आणि त्यांत हे एकच नाव हिब्रू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. जमीन निजाम सरकारची. त्या वेळी हैदराबादेत पहिले सालारजंग दिवाण होते आणि त्यांच्या कारकिर्दीत ती मिळाली. गावात राहायला आली ती मुख्यतः आसपासच्या मांग आणि महार वस्त्यांतली, नव्याने ख्रिस्ती झालेली कुटुंबं.

शेषाद्री स्वतः ब्राह्मण. 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हाताखाली शिकत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही त्याच वाटेने निघाला होता, पण तो अल्पवयीन असल्याने प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी मुलगा आईबापांच्या ताब्यात दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे आले, तेव्हा सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. मुंबईत हे प्रकरण बरेच दिवस गाजत होतं. थोरल्या भावाचं पुढचं आयुष्य मराठवाड्यात गेलं. 1854 साली त्यांना फ्री चर्चची दीक्षा मिळाली, 1860च्या दशकात त्यांनी जालन्यात काम सुरू केलं, आणि मग बेथेल उभं राहिलं.

या माणसाने आपल्या गावाला बायबलमधलं नाव दिलं, पण स्वतःचं नाव बदललं नाही. 1873 साली न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट पंथीयांची मोठी परिषद भरली, तिथेही ते गेले ते नारायण शेषाद्री म्हणूनच, डोक्याला पागोटं बांधून. नारायण हे विष्णूचं नाव आणि शेषाद्री म्हणजे तिरुपतीचा डोंगर. ख्रिस्ती धर्मोपदेशकाला याहून वैष्णव नाव शोधून सापडायचं नाही.

बेथेल हे नाव मुळात ज्याने ठेवलं त्याची गोष्ट बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत आहे. याकोब नावाचा तरुण घरातून पळालेला असतो. बैर-शेब्याहून हारानकडे जाताना वाटेत रात्र होते, तेव्हा एक धोंडा उशाला घेऊन तो झोपतो. स्वप्नात त्याला जमिनीपासून आकाशापर्यंत पोचलेली शिडी दिसते आणि तिच्यावरून देवदूत चढउतार करताना दिसतात. सकाळी उठून तो तोच धोंडा उभा करतो, त्यावर तेल ओततो आणि जागेला म्हणतो ‘बेथ-एल’, म्हणजे देवाचं घर. त्या ठिकाणचं आधीचं नाव लूज होतं, हेही तिथे नमूद आहे. शिवेवरच्या म्हसोबाला तेल-शेंदूर घालणाऱ्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला या गोष्टीत समजावून सांगावं असं काही नाही. बेथेलमध्ये आलेल्या पहिल्या पिढीने ही कथा ऐकली असेल तेव्हा तेल ओतलेला धोंडा त्यांच्या ओळखीचाच निघाला असणार.

हा याकोब घरातून का पळाला, याचं उत्तर त्याच्या नावातच आहे. इसहाक आणि रिबका यांना जुळे मुलगे झाले. आधी एसाव बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग, त्याची टाच मुठीत धरून, दुसरा. हिब्रूत टाचेला म्हणतात ‘अकेव’, म्हणून या दुसऱ्याचं नाव ‘याअकोव’. पुढे मोठेपणी या पोराने भुकेल्या भावाकडून मसुरीच्या आमटीच्या बदल्यात थोरलेपणाचा हक्क विकत घेतला. मग आंधळ्या झालेल्या बापापुढे हातांना करडाचं कातडं गुंडाळून गेला आणि एसावच्या वाटणीचा आशीर्वादही पदरात पाडून घेतला. एसाव चिडून म्हणतो की याचं नाव याकोब ठेवलं ते काही उगीच नाही, दोनदा याने माझ्यावर कुरघोडी केली. टाचेशी नातं असलेल्या त्या धातूला हा दुसरा अर्थही आहे: मागून येऊन पुढच्याची जागा बळकावणं. कथा सांगणाऱ्याने दोन्ही अर्थ खेळवले आहेत.

अभ्यासकांचं म्हणणं जरा निराळं आहे. त्यांच्या मते हे नाव मुळात ‘याकोब-एल’ असं देवाच्या नावासकट होतं आणि त्याचा अर्थ ‘देव रक्षण करो’ असा काहीसा. देवदत्त नावातला देव गळून नुसता दत्त उरावा, तसा इथला ‘एल’ गळाला. हा निव्वळ तर्क नाही. इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस याने इ. स. पूर्व पंधराव्या शतकात कर्नाकच्या देवळाच्या भिंतींवर जिंकलेल्या गावांची यादी कोरवून घेतली, तिच्यात कनान प्रदेशातल्या याकोब-एल नावाच्या एका ठिकाणाचा उल्लेख आहे. म्हणजे टाचेची गोष्ट नावानंतर जोडली गेली असण्याचा संभव जास्त. आपल्याकडे गावोगावच्या नावांच्या कथा अशाच जुळवलेल्या असतात. खुद्द जालन्याचं नाव एका श्रीमंत मुसलमान विणकराच्या, जुलाह्याच्या, धंद्यावरून पडलं अशी आख्यायिका सांगितली जाते. कथा खरी की खोटी यापेक्षा ती लोकांना सांगाविशी वाटते, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

मराठी बायबल वाचणाऱ्याची एका बाबतीत फार सोय झालेली आहे. जुन्या करारातला तो टाच धरणारा कुलपुरुष याकोब, आणि नव्या करारात येशूच्या बारा शिष्यांतला, मासे धरणाऱ्या जब्दीचा मुलगा, तोही याकोब. पुढे एक पत्र येतं, ते याकोबाचे पत्र. इंग्रजी वाचकाला हे दिसतच नाही. त्याच्याकडे कुलपुरुष जेकब असतो आणि शिष्य जेम्स, आणि ही दोन नावं एकच आहेत असं कुणी सांगितलं तर त्याचा पटकन विश्वास बसत नाही. पुरावा मात्र इंग्रजीतच आहे. इंग्लंडच्या पदच्युत जेम्स राजाच्या पक्षपात्यांना इतिहासात जॅकोबाइट म्हणतात. नाव जेम्स आणि अनुयायी जॅकोबाइट, कारण लॅटिनमध्ये दोघंही याकोबुसच.

स्पॅनिश भाषा याच्याही पुढे गेली. तिथे एका नावाची इतकी पोरं झाली की एकमेकांना ती ओळखत नाहीत.

सुरुवात ग्रीकपासून करू. हिब्रू नाव ग्रीकमध्ये ‘याकोबोस’ झालं आणि आघात पहिल्या अक्षरावर आला. लॅटिनमध्ये ते ‘याकोबुस’. पंडितांच्या लॅटिनमध्ये आघात मधल्या ‘को’वर होता, पण सामान्य माणसांनी ग्रीक ठेका धरला आणि ‘या’वर जोर दिला. आता पहिल्या अक्षरावर सगळा जोर पडला की शेपटीकडे कुणाचं लक्ष राहत नाही. ‘बुस’ विरघळलं. मधल्या ‘क’चा ‘ग’ झाला, जसा आपल्या प्रकटचा प्रगट होतो. राहिलं ‘यागो’. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोतल्या कारस्थानी माणसाचं नाव इयागो आहे ते हेच. गोविंद बल्लाळ देवलांनी त्या नाटकाचं ‘झुंझारराव’ केलं आणि सगळी माणसं मराठी केली, त्यामुळे हा इयागो मराठी रंगभूमीवर त्याच्या मूळ नावाने काही आला नाही.

यागोच्या आधी ‘संत’ लावला की सांत यागो. शतकानुशतकं एका दमात म्हणून म्हणून त्याचं ‘सांतियागो’ झालं. मग लोकांना वाटू लागलं की यातला ‘सान’ म्हणजे संत आणि नाव ‘तियागो’. संताच्या शेवटचा ‘त’ नावाला चिकटला. पोर्तुगालमध्ये तियागो हे आजही मुलांचं सरसकट ठेवलं जाणारं नाव आहे. स्पेनमध्ये मात्र पदवीसकट अख्खा सांतियागो हेच मुलाचं नाव झालं, आणि बारशालाच पोर संत होऊन बसलं.

स्पेनला या शिष्याचं इतकं वेड का, याचं कारण एका थडग्यात आहे. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकानुसार याकोबाला हेरोद राजाने तलवारीने मारलं. ही घटना यरुशलेमची, साधारण इ. स. 44ची. पण मध्ययुगात अशी श्रद्धा रूढ झाली की त्याचं शव नावेतून स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसियात आणून पुरलं. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या तेओदोमिरो नावाच्या बिशपने ते थडगं सापडल्याचं जाहीर केलं. त्या जागी उभं राहिलेलं शहर म्हणजे सांतियागो दे कोंपोस्तेला. फ्रान्समधून पिरेनीज डोंगर ओलांडून तिथवर पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या रांगा बाराव्या शतकात इतक्या वाढल्या होत्या की त्यांच्यासाठी लॅटिनमध्ये मार्गदर्शिका लिहिली गेली. कुठलं पाणी प्यावं आणि कुठल्या नावाड्यापासून सावध राहावं, असल्या व्यवहारी सूचना तिच्यात आहेत. यात्रेची खूण म्हणून शिंपला गळ्यात किंवा झोळीला अडकवायची पद्धत तेव्हाची, आणि ती अजून टिकून आहे.

याच काळात स्पेनमधली ख्रिस्ती राज्यं दक्षिणेकडच्या मुसलमान राज्यांशी लढत होती. 844 साली क्लाविहोच्या लढाईत संत याकोब पांढऱ्या घोड्यावर बसून ख्रिस्ती सैन्याच्या मदतीला धावून आला, असं सांगितलं जातं. ही लढाई झालीच नव्हती असं आता इतिहासकार मानतात, पण ‘सांतियागो!’ ही रणगर्जना मात्र खरी होती. गालिलीच्या समुद्रावर जाळी दुरुस्त करणारा कोळी घोड्यावर बसला आणि तलवार उपसून थेट अमेरिकेत गेला. स्पॅनिश लोकांनी नव्या खंडात गावांमागून गावांना त्याचं नाव दिलं. क्यूबातलं सांतियागो 1515चं, चिलीची राजधानी सांतियागो 1541ची.

आता बाकीची भावंडं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये याकोबुसचं ‘याकोमुस’ असं एक बोली रूप निघालं, ‘ब’च्या जागी ‘म’. त्यातून इटालियन जाकोमो, फ्रेंचमार्गे इंग्लिश जेम्स, आणि स्पॅनिशमध्ये लिहिताना ‘जायमे’सारखं दिसणारं पण उच्चार ‘खाइमे’ असलेलं नाव. तेराव्या शतकात आरागोनच्या गादीवर या नावाचा मोठा राजा होऊन गेला. शिवाय ग्रंथातून जसंच्या तसं उचललेलं ‘खाकोबो’ आहेच. गंमत अशी की स्पॅनिश प्रॉटेस्टंटांच्या बायबलमध्ये, ज्याचा मूळ अनुवाद कासिओदोरो दे रेइनाने 1569 साली छापला, कुलपुरुष आहे खाकोब, शिष्य आहे खाकोबो आणि पत्र मात्र सांतियागोचं. मराठीत जिथे एका याकोबाने भागतं तिथे त्यांना तिघं लागतात.

दिएगोचं काय, हा वाद मिटलेला नाही. सांतियागोची फोड ‘सान दिएगो’ अशी चुकीची होऊन दिएगो निघाला, असं पुष्कळ जण सांगतात, आणि मुलांच्या नावांची पुस्तकं तर डोळे मिटून हेच छापतात. पण मध्ययुगीन कागदपत्रांत दिएगो नावाच्या माणसाला लॅटिनमध्ये ‘दिदाकुस’ म्हटलेलं आहे. हा शब्द वेगळाच असावा आणि पुढे कानाला सारखा लागला म्हणून याकोबाच्या घरात दत्तक गेला असावा, हा पक्ष मला जास्त पटतो. ते काही असो, दिएगोचा मुलगा तो दिआस, आणि त्याचा पोर्तुगीज भाऊबंद वसईतल्या मराठी ख्रिस्ती घरांच्या दारावर आपल्याला भेटतो: डायस. मॅराडोनाचं पहिलं नाव आणि वसईचं हे आडनाव एका मुळाची आहेत, एवढं मात्र नक्की.

सगळ्यात अलीकडचं रूप फुटबॉलने दाखवलं. 2014च्या विश्वचषकात सहा गोल मारून कोलंबियाचा जो खेळाडू सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला, त्याचं नाव स्पेलिंगने जेम्स. मराठी वृत्तपत्रांनी जेम्सच छापलं. त्याच्या देशात त्याला हाक मारतात ‘हामेस’. इंग्रजांचं नाव उसनं घेतलं आणि स्पॅनिश नियमाने वाचलं. घरात खाइमे असताना बाहेरून हामेस आणण्याची हौस आपल्याला नवी नाही.

पोर्तुगीजांबरोबर हे नाव आपल्या किनाऱ्यावर आलं. गोव्यात तिसवाडी बेटाच्या पूर्व टोकाला बाणस्तारीची चौकी होती, तिला त्यांनी सांतियागोचं नाव दिलं. वसईजवळ आगाशीचं जुनं चर्चही याच शिष्याच्या नावाने ओळखलं जातं, फक्त आज बोलताना त्याला सेंट जेम्स म्हणतात. पोर्तुगीज अंमलात बाप्तिस्मा म्हणजे जुनं नाव टाकून नवं घेणं, आणि बऱ्याचदा त्याबरोबर धर्मपित्याचं आडनावही. एकोणिसाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट मिशनांमध्ये मराठी माणसाला तसं करावं लागलं नाही. बाबा पदमनजी पदमनजीच राहिले, नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकपण सोडलं नाही, आणि शेषाद्रींचं वर सांगितलंच. बायबलची नावं आली ती बहुतेक पुढच्या पिढीला: याकोब, शिमोन, दावीद, मार्था, आणि मागे तेच जुनं मराठी आडनाव. नावाचा अर्धा भाग पॅलेस्टाइनचा आणि अर्धा गोदाकाठचा, अशी जोडी मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या ख्रिस्ती घरांत अगदी नित्याची आहे.

पण याकोबाचं कूळ महाराष्ट्रात मिशनऱ्यांच्या किती तरी आधी पोचलं होतं. उत्पत्तीच्या पुस्तकात पुढे याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो आणि पहाटे त्याला नवं नाव मिळतं, इस्रायल. त्याच्या वंशजांना म्हणायचं बेने इस्रायल, इस्रायलची लेकरं. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी परंपरा सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणवले गेलेले आपले कोकणी यहुदी ते हेच. त्यांच्या तोंडी बायबलमधली नावं पिढ्यान्पिढ्या होती, पण ती शाळेतून किंवा छापील पुस्तकातून आलेली नव्हती, त्यामुळे ती पार मराठी होऊन गेली. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर नाव ऐकून कुणालाही मावळे वाटावेत. मांडवीतला सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर सामाजीचे सॅम्युअल झाले. औंध संस्थानच्या कारभारात वरच्या पदावर गेलेले जेकब बापूजी इस्रायल हे तर नावातच सबंध इतिहास घेऊन फिरत होते: कुलपुरुषाचं जुनं नाव पुढे, नवं नाव शेवटी आणि मधे बापूजी.

मुसलमानांचा याकूब अरबीतून आला. कुराणात तो पैगंबर आहे, आणि यूसुफच्या विरहाने रडून रडून डोळे गमावलेला बाप ही त्याची मुख्य ओळख. यूसुफचा सदरा चेहऱ्यावर ठेवल्यावर त्याला पुन्हा दिसू लागतं. दख्खनमध्ये हे नाव इतकं रुळलं की दुसऱ्या नावांनाही त्याने ओढून घेतलं. शिवाजी महाराजांनी ज्यांना मान दिला त्या केळशीच्या फकिराला बखरीत बाबा याकूत म्हटलं आहे. याकूत म्हणजे माणिक, त्याचा टाचेशी काही संबंध नाही. केळशीला दर्गा मात्र आज याकूबबाबांचा आहे.

हे सगळं पाहिल्यावर जालन्याकडचा याकोब इतका धडधाकट कसा राहिला, हे लक्षात येतं. स्पेनमध्ये हे नाव हजार वर्षं शेतात, बाजारात, रणांगणावर ओरडलं गेलं, आणि ओरडताना त्याचे कोपरे गेले. कोकणात शमुवेलचं तेच झालं. मराठी प्रॉटेस्टंटांकडे याकोब छापील पुस्तकातून आला. मिशनरी विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात मराठी नवा करार 1811 साली काढला. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने हे नाव दर रविवारी वाचून ऐकलं, त्यामुळे ते झिजायला सवडच मिळाली नाही. फक्त विभक्ती लागताना मराठीने आपला हात फिरवला. याकोबाचे, याकोबाला, याकोबाने असं म्हणता म्हणता शेवटी ‘बा’ येऊन बसतो आणि माणूस एकदम विठोबा-खंडोबाच्या पंक्तीला जातो.

नावं उलट दिशेनेही जातात. जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तिथे नोकरी केलेल्या एका कल्पित इंग्रज कॅप्टनने कॅनडात ओंटारिओत घर बांधून त्याला जालना नाव दिलं, अशा कथानकाची कादंबरी माझो दे ला रोश या लेखिकेने 1927 साली लिहिली. ‘जालना’ इतकी खपली की तिच्या मागे मालिकाच निघाली. ती वाचणाऱ्या अनेकांना जालना हे खरोखरीचं शहर आहे याचा पत्ताही नसावा.

स्पॅनिश याकोब मराठी घरांत असाच ओळख न देता शिरलेला आहे. पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेच्या कादंबरीचं ‘एका कोळियाने’ केलं, त्यातल्या क्यूबन म्हाताऱ्याचं नाव सांतियागो. जब्दीचा मुलगा याकोब जसा जाळं टाकणारा, तसाच हा गळ टाकणारा, आणि हे नाव हेमिंग्वेने सहज ठेवलं असेल असं मला वाटत नाही. पावलो कोएलोच्या ‘अल्केमिस्ट’चाही मराठी अनुवाद खपतो. त्यात आंदालुसियातला एक मेंढपाळ पोरगा मोडक्या चर्चमध्ये झोपतो, त्याला स्वप्न पडतं आणि तो घर सोडून निघतो. तोही सांतियागो, पण याची चाल शिष्याची नसून मामाची, लाबानाची, मेंढरं राखणाऱ्या त्या कुलपुरुषाची आहे. कोएलो स्वतः 1986 साली कोंपोस्तेलाच्या वाटेवर चालून आलेला. त्याने हे नाव पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला सांगितलं आणि नंतर जवळजवळ सगळीकडे नुसतं ‘मुलगा’ म्हटलं. हेमिंग्वेनेही बहुतेक ठिकाणी ‘म्हातारा’ म्हणूनच भागवलं आहे.